बार-रेस्टॉरंटमध्ये टेबलावरच्याच वस्तूंनी जादू दाखवायची तर सुरुवात कशी करावी?

तुमचं म्हणणं असं की पत्त्यांवर हात बसत नाही, तळवेही लहान आहेत, मग नाणी, रबर बँड, टिश्यू एवढ्यावर हॉटेलात टेबलाटेबलावर जादू दाखवता येईल का. येईल की. मी तर म्हणेन पत्ते घरीच ठेवा. खिशातून कॅट निघाला की समोरच्याला कळतं, हा तयारीनिशी आलाय. शिवाय आपल्याकडे परमिट रूममध्ये पत्ते दिसले की मॅनेजरच्या कपाळावर आधी आठी पडते, जादू नंतर.

लहान हातांचं मनावर घेऊ नका. मॅक्स मालिनी (1873–1942) या जादूगाराचे हात भलतेच लहान होते. तरी जेवणाच्या टेबलावर हॅट उचलून खालून बर्फाची लादी काढणारा म्हणून तो जगभर गाजला. जेवताना कोणी जादूची वाटच पाहत नसे, हे त्याचं खरं भांडवल.

आता एक खेळ उघड करूनच सांगतो. नवशिक्यांच्या कितीतरी पुस्तकांत तो आहे, त्यामुळे कोणाचं गुपित फोडतोय असं नाही. टेबलावर एक नाणं ठेवा, त्यावर मीठदाणी, आणि मीठदाणीला टिश्यू असा आवळून गुंडाळा की बाहेरून तिचा आकार दिसेल. सांगा, ‘नाणं गायब करतो.’ जरा हातवारे करा, मीठदाणी उचला. नाणं जागच्या जागी! लोक हसतात. मग समोरच्याला म्हणा, ‘अहो, छापा वर हवा होता, काटा आहे. जरा उलटवता का?’ तो नाणं उलटवतोय, सगळी टेबलभर मंडळी तिकडे बघतायत, तेवढ्यात तुमचा मीठदाणीवाला हात टेबलाच्या कडेशी आलेला असतो. बोटं किंचित सैल केली की मीठदाणी मांडीत पडते आणि हातात नुसता कागदाचा साचा उरतो. तो पुन्हा नाण्यावर ठेवायचा आणि वरून थाप मारायची. कागद चपटा, आणि मीठदाणी टेबलाखालून बाहेर!

यातली खरी करामत बोटांत नाही. फसल्याचं नाटक आणि नाणं उलटवण्याची विनंती, यांनी काम होतं. हात मागे घेतल्यासारखा दिसला की संपलं. दोन बारकावे: आपल्या साध्या हॉटेलांतला तो पातळ, बुळबुळीत टिश्यू आकार धरत नाही, दोन-तीन एकत्र घ्या किंवा ताटाखालचा कागद वापरा. आणि मीठदाणीची भोकं बंद करून घ्या, नाहीतर पॅंटवर मीठ सांडून बसाल.

पण मेख अशी की हा खेळ बसलेल्या माणसाचा आहे. मित्रांबरोबर गेलात तर सुंदर. हॉटेलात काम करणारा जादूगार उभा असतो, त्याला मांडी कुठली? वर आजूबाजूला माणसं, मागून वेटर, आणि बारच्या काउंटरमागे बहुतेक वेळा आरसा. त्यामुळे उभ्याने करायचे खेळ वेगळे निवडावे लागतात: चारी बाजूंनी चालतील आणि पुढच्या टेबलापर्यंत चालता चालता पुन्हा तयार होतील असे. दोन रबर बँड एकमेकांतून आरपार जाण्याचा खेळ यात अव्वल. पार्सल काउंटरवर मागितलेत तर वस्तूही त्यांचीच होते.

नाण्यांचं सांगायचं तर जुनी अमेरिकी पुस्तकं हाफ डॉलर धरून लिहिलेली, म्हणजे जवळपास 31 मिमी. आपलं 10 चं नाणं 27 मिमी, 5 चं 23 ते 25. तुमच्या हाताला हे सोयीचंच. अडचण वेगळी आहे: यूपीआयमुळे गिऱ्हाइकाच्या खिशात नाणंच नसतं. गल्ल्यावरून घ्या किंवा स्वतःचं आधी त्यांच्या हातात द्या. सोन्याची अंगठी मात्र कोणी कितीही आग्रहाने दिली तरी घेऊ नका. एकदा ती सोफ्याच्या फटीत गेली की जादूबिदू राहते बाजूला.

नोट गायब करून लिंबातून काढण्याचा जुना खेळ आपल्याकडे जास्तच रंगतो. बारमध्ये लिंबू सहज मिळतं, पण लिंबू म्हटल्यावर एखादी मावशी खुर्ची मागे सरकवतेच. मी आधीच सांगतो, ही हातचलाखी आहे, करणी नाही. लिंबातून ‘रक्त’ काढून त्यामागची युक्ती अंनिसचे कार्यकर्ते गावोगाव दाखवतात, तो हिशेब डोक्यात ठेवायचा. परदेशी पद्धतीने नोटेवर सही घेऊ नका. नोटांवर लिहू नका असं रिझर्व्ह बँकच सांगते. नंबरचे शेवटचे तीन आकडे मोबाईलवर टिपून घ्यायला सांगा, पुरतं.

टेबलाशी कधी जायचं, यावर निम्मा धंदा अवलंबून आहे. ऑर्डर दिली आहे आणि स्टार्टर आलेलं नाही, ती वेळ तुमची. ताट आलं की तोंडातलं वाक्य अर्धवट सोडून बाजूला व्हा. खाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोणी हात नाचवू नये. पुण्यात शनिवार-रविवारी हॉटेलाबाहेर नंबर लागायची वाट पाहत ताटकळणारी कुटुंबं ही माझ्या मते सगळ्यात उत्तम जागा. पोरं कंटाळलेली, आजोबा वैतागलेले. अशा वेळी रबर बँडसुद्धा सोन्याचा होतो. मालकाशी बोलतानाही हाच मुद्दा पुढे करा. ‘मी मोठा कलाकार आहे’ यात त्याला रस नसतो, ‘वेटिंगवाले दुसरीकडे जात नाहीत’ यात असतो. शिकागोत मॅट शुलीन घरच्याच रेस्टॉरंटमध्ये गिऱ्हाइकांच्या टेबलाशी बसून जादू दाखवायचा आणि लोक जेवणाइतकेच त्याच्यासाठी यायचे, हेही सांगून बघा.

पिणाऱ्यांच्या टेबलावर लवकर जा. उशिरा गेलात तर एकजण मनगट धरून ‘दाखव, मुठीत काय आहे’ करतोच. त्याच्याशी झुंजू नका, त्यालाच मदतनीस करा, चकण्यातला शेंगदाणा त्याच्या मुठीत द्या. बहुतेकदा गडी खूश होतो. नाहीच झाला तर ‘पुन्हा येतो’ म्हणून सटका.

पैसे हॉटेलाकडून संध्याकाळच्या हिशेबाने ठरवून घ्या, टेबलावर मागू नका. बिलाचं फोल्डर आणि बडीशेप आली की तिथून हलायचं. त्या वेळी रेंगाळलात तर टिपेसाठी थांबलाय असं दिसतं, आणि वेटरच्या टिपेत वाटेकरी झालात की पुढच्या शनिवारपासून कॅप्टन, म्हणजे वेटरांचा प्रमुख, तुम्हाला चांगली टेबलं दाखवायचाच नाही.