कोल्हापुरात नदीकाठचा जुना वाडा निवास-न्याहारीसाठी चालवता येईल का?

पंचगंगा घाटाजवळचा आजोबांचा वाडा बंद पडलाय, तिथं निवास-न्याहारी सुरू करावी का, असं तुम्ही विचारलंय. करा की. फक्त पाहुण्यांच्या खोल्या माडीवरच काढा. तळमजला नदीचाच आहे असं धरून चालायचं.

शुक्रवार पेठेतल्या आमच्या वाड्यात आम्ही तेच केलंय. पंचगंगेचं पाणी मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 ला 56 च्या घरात. त्यामुळं तळमजल्याच्या सोप्यात (पुढच्या ओसरीत) गादी नाही, प्लायवूडचं कपाट नाही. फरशी दगडी, खुर्च्या लोखंडी, विजेची बटणं छातीच्या वर, इन्व्हर्टर माडीवर. पाणी उतरायला लागलं की त्याच्याबरोबरच गाळ ओढून काढायचा. एकदा वाळला की पहारीनं खणावा लागतो.

मिस्त्री सिमेंटच्या गिलाव्याचा आग्रह धरेल, अजिबात ऐकू नका. भिंतीत मुरलेलं पाणी चुन्यातून सावकाश बाहेर पडतं. सिमेंट ते आत कोंडतं, मग पोपडे येतात आणि भिंतीत गेलेली तुळईची टोकं कुजतात. चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधावा लागेल, पण मिळतो.

कागदपत्रांत पहिल्यांदा महापालिकेत पूररेषेचा नकाशा बघा. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. वाडा निळ्या रेषेच्या आत असेल तर वाढीव खोलीचा नाद सोडा. नंतर पर्यटन खात्याकडे निवास-न्याहारीची नोंदणी. अशी जागा मालकानं स्वतः घरात राहूनच चालवावी. पुण्यात बसून राखणदारावर चालवणार असाल तर हे तुमचं काम नव्हे.

गिऱ्हाईक कमी नाही. नवरात्र, जोतिबाची चैत्र यात्रा, शिवाय नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेरीस अंबाबाईचा किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीवर पडतात ते दिवस. जुलै-ऑगस्टचं बुकिंग मात्र घेऊच नका, कितीही पैसे देऊ देत. न्याहारीला थालीपीठ-लोणी पुरे. मिसळ लोकांना बाहेरच खायची असते, आणि संध्याकाळी गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला पाठवलं की पाहुणे खूश.

प्रॉपर्टी कार्डावर भावंडांची नावं असतील तर संमतीपत्र आत्ताच करून घ्या. वाडा पडका आहे तोवर सगळे सह्या देतात.