मराठी अ‍ॅप बनवताय? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

द्राक्षबागेच्या फवारणीची नोंद ठेवायचं अँड्रॉइड अ‍ॅप करतोय. इंग्लिशमध्ये छान दिसतं, मराठी केलं की वेलांट्या कापल्या जातात आणि बटणांवरची अक्षरं तुटक दिसतात. फाँट बदलू का?

फाँटला लगेच हात लावू नका, बहुतेक वेळा दोष डिझाइनचा असतो. स्क्रीन इंग्लिश मजकूर टाकून आखलेली असते आणि चौकटीची उंची त्याच मापाची, मग त्यात 'मूर्ती' लिहून बघा, खाली ऊकार, वर वेलांटी आणि वर रफार, हे सगळं बसणार कुठे? ओळीची उंची अक्षराच्या साधारण दीडपट ठेवा, बटणाला ठरावीक उंची देऊ नका, कमीत कमी एवढी असावी असं सांगा म्हणजे गरजेप्रमाणे ते वाढेल. अक्षरं तुटतात ती लेटर स्पेसिंगमुळे, म्हणजे दोन अक्षरांमध्ये सोडलेल्या जादा जागेमुळे. तुम्ही दिलं नसेल तरी मटेरियलच्या, म्हणजे गुगलच्या डिझाइन संचातल्या, तयार बटणात ते आधीपासून असतं, इंग्लिशला शोभतं पण आपली शिरोरेषा तुटते. शून्य करून टाका. एवढं करूनही नाही जमलं तर गुगलचा नोटो किंवा 'एक टाइप' या संस्थेचा मुक्ता फाँट घ्या, दोन्ही फुकट आहेत. आणि प्लीज, पहिल्या दिवसापासून मराठी मजकुरावरच डिझाइन करा, शेवटी भाषांतर चिकटवलं की हे असं होणारच.

आमच्या पतसंस्थेच्या अ‍ॅपमध्ये गाव 'कऱ्हाड' टाकून सर्च केलं तर निम्मेच सभासद येतात. डेटा तर बरोबर आहे!

डेटा दिसायला बरोबर आहे. पण एका क्लार्कच्या कीबोर्डवरून नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ, हलन्त आणि ह गेलाय, दुसऱ्याकडून साधा र, हलन्त, मध्ये न दिसणारा जोडणारा कॅरेक्टर आणि मग ह. स्क्रीनवर दोन्ही सेम, कॉम्प्युटरला मात्र वेगळे शब्द, आणि युनिकोडचं (अक्षरांना कॉम्प्युटरमध्ये नंबर देणाऱ्या पद्धतीचं) नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे सारखी अक्षरं एकाच रूपात आणणं, हे दोन प्रकार एक करत नाही. त्यामुळे सर्चसाठी वेगळा कॉलम ठेवा, त्यात सगळं एकाच पद्धतीत बदलून साठवा आणि युजरने टाइप केलेलंही तसंच बदलून मग जुळवा. अॅ लिहायच्या दोन-तीन पद्धतींचं आणि १२ व 12 चंही तेच करा. शिवाय तुमच्याकडे कोणी 'कराड' लिहिलं असणारच! ते कोडने नाही सुटणार, गावांच्या पर्यायी नावांची यादी लागेल, आणि ती तिथल्या माणसाकडूनच करून घ्या.

पाड्यांवर सर्वे करणाऱ्या ताईंसाठी अ‍ॅप आहे, रेंज नसते, फॉर्म भरून सबमिट केला की एरर येतो आणि सगळं जातं.

हे वाचून वाईट वाटलं, कारण उन्हातान्हात फिरून भरलेला फॉर्म जातो तेव्हा त्या बाईचा अ‍ॅपवरचा विश्वासच उडतो. नेटवर्क नाही हेच गृहीत धरून चाला. प्रत्येक उत्तर लगेच फोनमधल्या डेटाबेसमध्ये सेव्ह व्हायला हवं, सबमिटची वाट बघायची नाही. रेंज आली की पाठवायचं काम वर्कमॅनेजरवर (मागे राहून कामं उरकणारी अँड्रॉइडची तयार सोय) सोपवा. प्रत्येक फॉर्मचा युनिक आयडी फोनवरच तयार करा, नाहीतर अर्धवट गेलेला फॉर्म परत गेला की एकच घर दोनदा नोंदलं जातं. फोटो पाठवण्याआधी लहान करा. आणि प्रत्येक फॉर्मपुढे 'फोनमध्ये आहे' किंवा 'ऑफिसला पोचला' असं स्पष्ट लिहा, नुसता ढगाचा आयकॉन नको.

आईला बटणं नीट दाबता येत नाहीत, मोठी किती करू?

अँड्रॉइडवर किमान 48 डीपी (स्क्रीनवरच्या मापाचं अँड्रॉइडचं एकक), म्हणजे साधारण 9 मिमी, आणि दोन बटणांत मोकळी जागा. अक्षरांचं माप एसपीमध्येच (अक्षरांसाठीचं वेगळं एकक) द्या म्हणजे तिने सेटिंगमध्ये अक्षर मोठं केलं की अ‍ॅपमध्येही होईल. अँड्रॉइड 14 पासून ते 200 टक्क्यांपर्यंत जातं, तेवढं करून प्रत्येक स्क्रीन तपासा.

प्ले स्टोअरवर टाकायला टेस्टर लागतात म्हणे?

13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेलं वैयक्तिक अकाउंट असेल तर हो, 12 जण सलग 14 दिवस टेस्टर म्हणून असावे लागतात. मित्रांना नका गोळा करू, ज्यांच्यासाठी अ‍ॅप आहे तेच 12 जण घ्या, त्यांच्याच स्वस्तातल्या फोनवर.