ओके हा शब्द आला कुठून?

प्रश्न : ताई, आमच्या घरात दिवसभर ओके ओके चालू असतं, परवा आजीने विचारलं याचा फुलफॉर्म काय, तर कोणालाच सांगता येईना. तुम्ही सांगाल का?

उत्तर : आजींना माझा नमस्कार सांगा, प्रश्न फार आवडला. ओके मूळचा अमेरिकेतला. १८३८-३९ मध्ये बॉस्टनच्या पेपरवाल्यांत मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करायचं आणि त्याची नुसती पहिली अक्षरं छापायची अशी फॅशनच होती, म्हणजे ऑल करेक्ट मधला ऑल ए ऐवजी ओ ने आणि करेक्ट सी ऐवजी के ने, की झालं ओके! २३ मार्च १८३९ च्या बॉस्टन मॉर्निंग पोस्टमध्ये तो छापलेला सापडतो. अॅलन वॉकर रीड या अभ्यासकाने १९६० च्या दशकात जुने पेपर चाळून हे शोधलं, केवढी चिकाटी बघा.

तसे बाकीचे शॉर्टफॉर्म लोक विसरले, हाच टिकला, कारण १८४० ला प्रेसिडेंट मार्टिन व्हॅन ब्युरेन परत निवडणुकीला उभे होते, त्यांचं गाव किंडरहूक म्हणून त्यांना ओल्ड किंडरहूक म्हणायचे आणि समर्थकांनी ओके क्लबच काढले. ते हरले, पण शब्द सगळीकडे पोचला.

अर्थ मात्र बोलण्याच्या सुरावर. ओके म्हणजे चालेल, आणि सिनेमा ओके होता म्हणजे ठीकठाक. मला यात आपला 'बरं' दिसतो, 'बरं, येतो' आणि 'सिनेमा बरा होता', अगदी तसंच.