दोन राउटरच्या घरात इंटरनेट फोन: आवाज एकाच बाजूने का येतो?

खानापूरच्या घरात खाली फायबरचा राउटर, माडीवर दुसरा, आणि माडीवरचा एसआयपी फोन (इंटरनेटवरून चालणारा फोन) वाजतो पण समोरच्याचा आवाज येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. यात स्पीडचा दोष बहुधा नाही. जी.७११ या कोडेकच्या (आवाजाचं डिजिटल रूप करण्याची पद्धत) एका कॉलला प्रत्येक दिशेने शंभर केबीपीएससुद्धा (सेकंदाला शंभर किलोबिट) लागत नाहीत.

दोष बहुधा आहे डबल नॅटचा, म्हणजे दोन राउटर एकामागोमाग पाकिटांवरचे पत्ते बदलतात त्याचा. दोन्ही राउटर आपापले आयपी पत्ते वाटतात. रिंगचा संदेश आणि आवाज वेगवेगळ्या पोर्टवरून (राउटरमधल्या क्रमांकाच्या वाटांवरून) जातात. संदेश पोचतो, आवाजाची पाकिटं वाटेत अडतात. म्हणून माडीवरचा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो पत्ते न वाटता फक्त खालचंच नेटवर्क पुढे देईल. तो मोड नसेल तर त्याचा डीएचसीपी (पत्ते वाटण्याची सोय) बंद करा, खालचा राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या, आणि खालून आलेली केबल वॅन पोर्टमध्ये (बाहेरच्या इंटरनेटचं भोक) न लावता लॅन पोर्टमध्ये (घरातल्या उपकरणांचं भोक) लावा. तो पत्ता खालचा राउटर दुसऱ्या कुणाला देत नाही ना, तेवढं बघा. मग खालच्या राउटरमधलं एसआयपी एएलजी (इंटरनेट कॉलचे संदेश वाटेत बदलणारी सोय) बंद करा. नावाला मदतनीस, पण बहुतेक वेळा तेच कॉल बिघडवतं.

कनेक्शनसोबत कंपनीनेच लँडलाइन नंबर दिला असेल, तर साधा फोन थेट फायबरच्या डब्याच्या (फायबरची तार जिथे येते त्या यंत्राच्या) फोन पोर्टला जोडा.

आणि कृपा करून डबा आणि राउटर दोन्हींना छोटा यूपीएस घ्या. आपल्याकडे पावसाळ्यात लाईट गेली की हा फोनही बंद पडतो. घरात म्हातारी माणसं असतील तर एक मोबाईल चार्ज करून ठेवाच.