वसतिगृहाच्या सोलरमध्ये नॅनोफ्लुइड भरावं का?

ताई, तुमचा प्रश्न मला असा समजला: मिरजेच्या वसतिगृहावर पाणी तापवणारा ५०० लिटरचा सपाट पॅनलचा सोलर आहे, पंप नाही, सकाळी शेवटच्या मुलींना पाणी कोमटच मिळतं. आणि इंजिनिअरिंगला असलेला भाचा म्हणतो, ॲल्युमिनाचं नॅनोफ्लुइड, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडची अतिसूक्ष्म पूड मिसळलेलं पाणी, भरलं तर सोलरच्या कार्यक्षमतेत २८ टक्के फरक पडेल.

भरू नका. अशा साध्या सोलरमध्ये पॅनलमधून फिरतं तेच पाणी न्हाणीघरात येतं. ती पूड मुलींच्या अंगावर जाणार, आणि रोज नवं पाणी आलं की रोज नवी पूड घालावी लागणार. हीट एक्स्चेंजर असलेल्या, म्हणजे पॅनलमधला द्रव वापरायच्या पाण्यात न मिसळता फक्त त्याला उष्णता देतो अशा बंद यंत्रणेतच हा विषय निघू शकतो.

भाच्याचा आकडा हवेतला नाही. २०१२ साली इराणमधल्या संशोधकांनी वजनाने ०.२ टक्के ॲल्युमिना घालून पॅनलच्या कार्यक्षमतेत २८.३ टक्के वाढ नोंदवली होती. पण जरा कागद-पेन घेऊन बसा. ॲल्युमिना पाण्याच्या जवळपास चौपट जड, म्हणजे घनफळात ते भरतं ०.०५ टक्के. मिश्रणांसाठीच्या मॅक्सवेलच्या जुन्या सूत्राने उष्णतावाहकता (द्रवातून उष्णता किती सहज जाते ते) त्याच्या साधारण तिप्पट, म्हणजे ०.१५ टक्के वाढते. एवढ्यातून २८ कुठून निघणार? १९९५ मध्ये अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेच्या स्टीफन चोई यांनी 'नॅनोफ्लुइड' हे नाव रूढ केलं, त्यानंतर सूत्राला न जुमानणारे बरेच दावे आले. मग तीसहून जास्त संस्थांनी एकसारखे नमुने वाटून घेऊन मोजले. २००९ ला निकाल छापून आला, आणि आकडे सूत्राच्या आसपासच निघाले.

बरं, वाहकता वाढली असं धरून चालू. १२ सेंटिमीटरवर अर्ध्या इंची नळ्या असलेल्या पॅनलचा हिशेब मी करून पाहिला. नळीच्या आत पाण्याला उष्णता मिळण्याचं प्रमाण २० टक्क्यांनी वाढवलं, तरी पॅनलची मिळकत जेमतेम १ टक्का वाढते. कारण अडतं ते तिथे नाहीच, उष्णता जाते वरच्या काचेतून. बादलीला भोक असताना नळ मोठा करण्यातला प्रकार.

तुमचं दुखणं वेगळं असावं. एखाद्या कडक उन्हाच्या दुपारी दोन वाजता पॅनलमधून टाकीकडे जाणारा वरचा पाइप आणि टाकीतून परत येणारा खालचा पाइप, दोन्ही जपून चाचपा. वरचा चटका देणारा आणि खालचा गार असेल तर पाणी नीट फिरत नाहीये. बोअरचं पाणी वापरत असाल तर खालच्या हेडरचा (पॅनलच्या सगळ्या नळ्यांना जोडणाऱ्या आडव्या पाइपचा) प्लग काढल्यावर पांढरट, खवल्यांसारखा थर दिसेल. हा थर उष्णता फारशी अडवत नाही, पण नळी अरुंद करतो. फेरा मंदावला की काचेखालचा, ऊन शोषणारा काळा पत्रा जास्त तापतो आणि ती उष्णता काचेतून वाया जाते. सल्फॅमिक ॲसिडने क्षार काढणारे मेकॅनिक मिळतात. तांब्याच्या नळ्या आहेत हे त्यांना आधीच सांगा. उलट संध्याकाळी टाकी कढत आणि पहाटे कोमट असेल, तर टाकीचं किंवा गरम पाण्याच्या लाइनचं इन्सुलेशन गेलंय. काच पुसणं तर फुकटचं काम. स्टँडचा कोनही बघा: सांगली-मिरज साधारण १७ अक्षांशावर, त्यामुळे हिवाळ्यासाठी पॅनल दक्षिणेला तोंड करून ३० अंशांच्या आसपास हवा.

भाच्याला मात्र नाउमेद करू नका. नॅनोकणांची खरी गंमत आहे ती पत्राच नसलेल्या कलेक्टरमध्ये (ऊन गोळा करणाऱ्या पॅनलमध्ये). तिथे पारदर्शक नळीतला द्रव स्वतःच ऊन शोषतो, आणि अगदी थोडे कणही पाणी काळं करायला पुरतात. २०१० च्या एका अभ्यासात अशा छोट्या कलेक्टरची कार्यक्षमता ५ टक्क्यांपर्यंत वाढलेली दिसली. महागडी पूड कशाला, ड्रॉइंगची काळी इंडिया इंक म्हणजे पाण्यात तरंगणारे कार्बनचे अतिसूक्ष्म कणच की! त्याने शेजारी-शेजारी दोन नळ्या मांडाव्यात, एकीत पातळ केलेली शाई आणि दुसरीत साधं पाणी, तिच्यामागे काळा पत्रा. चार-आठ दिवसांत कण तळाशी बसतात का, काचेला चिकटतात का, तेही लिहून ठेवावं. खरी डोकेदुखी तीच असते.

आणि मोजमापाचं त्याला बजावून सांगा. आत-बाहेरच्या पाण्यात ५ अंशांचा फरक असेल आणि प्रत्येक थर्मामीटर अर्धा अंश इकडे-तिकडे दाखवत असेल, तर चूकच २० टक्क्यांपर्यंत जाते. त्यात ५ टक्क्यांची वाढ दिसायची कशी? सुरू करण्याआधी सगळे सेन्सर एकाच भांड्यातल्या पाण्यात बुडवून, एकदा गार आणि एकदा गरम, त्यांच्यातला फरक नोंदवून ठेवायचा.