सुटून आलेला माणूस आणि आपली कॉलनी

‘द वुड्समन’ पाहून तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: असा सिनेमा लहान मुलांवर अत्याचार करणाऱ्या गुन्हेगाराची कीव करायला लावतो का, आणि असा माणूस सुटून नाशिकमध्ये राहायला आला तर लोक कसे वागतील? पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर ‘नाही’. दुसऱ्याला जरा वेळ लागेल.

निकोल कॅसेलचा हा सिनेमा २००४ चा. लहान मुलींवरच्या अत्याचारासाठी १२ वर्षं तुरुंगात काढलेला वॉल्टर लाकडाच्या वखारीत कामाला लागतो. खोली मिळते ती नेमकी शाळेसमोर. बहीण भेटायला तयार नाही. वखारीतली एक बाई त्याचा भूतकाळ शोधून सगळ्यांना सांगते. इथवर त्याची दया येऊ शकते. पण बागेतल्या प्रसंगात तो एका मुलीला ‘मांडीवर बसतेस का’ असं विचारतो आणि आपल्याला त्याची भीती वाटते. वाटायलाच हवी. दिग्दर्शिकेने ती भीती कुठेही पातळ केलेली नाही.

त्याच प्रसंगात कळतं, की त्या मुलीचे वडीलच तिला मांडीवर बसवतात आणि तिला ते नको असतं. पोलीस, वखार, सगळ्यांचे डोळे वॉल्टरवर. त्या बापाकडे कुणाचंच लक्ष नाही. माझ्या मते सिनेमा इथे आहे.

आता नाशिक. जिल्हा न्यायालयात पॉक्सोचे (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचे) खटले मी वकील म्हणून बरेच पाहिले. आरोपीच्या पिंजऱ्यात अनोळखी माणूस क्वचित दिसला. काका, शेजारी, क्लासचे सर, घरमालक, हेच जास्त. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारीही हेच सांगते: बलात्काराच्या १० पैकी ९ हून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. आणि तो आपला असला की आपली भाषाच बदलते. ‘घरातलं घरात मिटवू.’ ‘पोरीचं पुढे लग्न व्हायचंय.’ मुलीची रवानगी मामाकडे आणि त्याच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात, कारण संसाराला लागला की सुधारेल म्हणे. हे ऐकून मला अजूनही संताप येतो.

बाहेरचा माणूस असेल तर नुसता संशय पुरतो. १ जुलै २०१८ ला शेजारच्या धुळे जिल्ह्यात, राईनपाड्याला, मुलं पळवणारे समजून ५ भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं. त्यांचा काहीही गुन्हा नव्हता. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाचा फोटो फिरू लागला की मला ते गाव आठवतं.

अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने अशा गुन्हेगारांची माहिती लोकांसाठी खुली झाली. आपल्याकडे २०१८ मध्ये लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही आली, पण ती तपास यंत्रणांपुरतीच आहे. ती तशीच राहावी, या मताची मी आहे. बापाचं किंवा काकाचं नाव जाहीर झालं, की मुलगी कोण हे गल्लीला सांगावं लागत नाही. पॉक्सोच्या कलम २३ ने तिची ओळख जपायची आणि नोंदवहीने ती उघडी करायची, हे कसं चालेल?

सुटलेल्यावर नजर हवीच. पण ती पोलिसांची आणि समुपदेशकाची हवी. सिनेमात वॉल्टरला समुपदेशकाकडे जावं लागतं. आपल्याकडे नाशिकरोड कारागृहातून शिक्षा भोगून बाहेर पडलेल्या माणसामागे तशी नियमित सोय मला तरी दिसलेली नाही. कॉलनीने हाकलला तर तो दुसऱ्या शहरात जाईल. तिथेही मुलं आहेतच, फक्त तिथल्या पोलिसांना तो माहीत नसेल.

म्हणून तुमच्या इमारतीत असं कुणी आलंच, तर ग्रुपवर फोटो टाकू नका, पोलीस ठाण्यात जाऊन बोला. मुलांशी बोलताना फक्त ‘अनोळखी काकां’पासून सावध करू नका. नको असलेल्या स्पर्शाला आजोबांनाही नाही म्हणता येतं, हे सांगा. आणि घरातल्याच कुणाबद्दल कळलं, तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला किंवा पोलिसांना कळवा. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि त्यात नातेवाइकांना सूट नाही.