झाकणाला ‘टाय’ दिलाय का, ते आधी बघा

‘सिम्युलेशनमध्ये ताण सगळीकडे मर्यादेत आहे, मग प्रत्यक्ष पाडून वेगळं काय दिसणार?’ हा तुमचा प्रश्न वाचला आणि लिहायला बसलो. किरणोत्सारी मालाच्या टाइप-बी कास्कबद्दल (म्हणजे अपघातातही टिकायला हवं असं वाहतुकीचं जाड, बंद पात्र) हेच वाक्य मीही एका बैठकीत बोललो होतो. पुढे तोच कास्क पाडल्यानंतरच्या हेलियम गळती चाचणीत नापास झाला.

9 मीटरवरून न दबणाऱ्या पायावर पाडायचं वगैरे तुम्हाला माहीत आहेच, ते सोडतो.

माझी चूक एकच होती. गणित लवकर सुटावं म्हणून झाकण आणि फ्लँज (झाकण जिथे बोल्टने बसतं ती कड) यांच्यात मी ‘टाय’ दिला होता, म्हणजे मॉडेलमध्ये दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना चिकटवून टाकले होते. जो सांधा उघडतो का हे तपासायचं, त्याला मॉडेलमध्ये उघडायला वावच नव्हता. आतल्या मालाचं वजनही मी भिंतींना वाटून टाकलं होतं. प्रत्यक्षात कास्क किंचित तिरका पडला, एक टोक आधी टेकलं आणि झाकणाकडचं टोक त्याहून जास्त वेगाने आपटलं. आतला माल झाकणावर आतून धडकला. बोल्ट वाकले, भोकांमधल्या मोकळ्या जागेपुरतं झाकण सरकलं आणि ओ-रिंग, म्हणजे सांधा बंद ठेवणारं गोल सील, कडेला कापली गेली. वेगवान कॅमेऱ्यात फट क्षणभर उघडून मिटलेली दिसते. नंतर नुसत्या डोळ्यांना काहीच कळत नव्हतं.

म्हणून ‘टाय’ काढा. घर्षणासह खरा संपर्क द्या, बोल्ट वेगळे दाखवा, पाडण्याआधी त्यांना प्रीलोड (आवळल्याने येणारा सुरुवातीचा ताण) द्या, भोकांची मोकळीक ठेवा. माल वेगळा, थोडी जागा सोडून. घर्षणाचा अंक कमी आणि जास्त, असे दोन्ही रन करा. मग ताण दाखवणारी रंगीत चित्रं बाजूला ठेवून सीलच्या जागी फट किती आणि सरकणं किती, याचा वेळेनुसार आलेख काढा. माझ्या मते बाकी सगळं त्यानंतर.

लहान प्रतिकृतीच्या गळतीवरून खऱ्या कास्कचा निष्कर्ष काढू नका. ओ-रिंग आणि बोल्टचा टॉर्क त्या प्रमाणात नीट लहान होत नाहीत. इम्पॅक्ट लिमिटरमध्ये (धक्का शोषायला टोकांना लावलेल्या गादीत) लाकूड असेल तर उणे 40 अंशांचा रन वेगळा करा, थंडीत ते कडक होतं आणि धक्का वाढतो. गरम, ओलसर लाकूड उलट जास्त दबतं. आणि 800 अंशांच्या 30 मिनिटांच्या आगीचं गणित आधी पडून चेपलेल्या आकारावरच करा, कोऱ्या आकारावर नको.

एक मनस्ताप सांगतो. ज्या केंद्रात चाचणी झाली त्यांनी ‘गळती मर्यादेबाहेर’ एवढं एका ओळीत कळवलं. त्वरणमापकांची (धक्का मोजणाऱ्या सेन्सरची) मूळ नोंद मागितली तर चार महिने पत्रं लिहावी लागली, आणि शेवटी मिळाली ती फिल्टर लावून गुळगुळीत केलेली. फिल्टर बदलला की धक्क्याचं शिखर बदलतं, मग त्या आलेखाशी आपलं मॉडेल कसं ताडायचं? मूळ नोंद, नमुने घेण्याचा वेग आणि फिल्टर हे तिन्ही करारातच लिहून घ्या.

हा एका कास्कचा अनुभव आहे. तुमचा प्रकार आणि माल मला माहीत नाही, मंजुरी देणाऱ्यांचं म्हणणं अंतिम धरा. पण ‘टाय’ काढून एक रन कराच. फटीचा आलेख, बोल्टचा आकार आणि प्रीलोड इथे टाका, मी बघतो.